बार्श्च आणि राजेळी

राधिका : बाबा, दोन चमचे तरी घ्या. पोलंडात सासूबाई हे हौसेनं माझ्याकडून करून घेतात, आणि माहेरी आले तर तुम्ही तोंड फिरवताय. आई, भरदुपारी दिवा कशाला लावलायस?

मंदा : असू दे गं.

हरिश्चंद्र : लालभडक आहे. काय म्हणतात याला?

राधिका : बार्श्च.

हरिश्चंद्र : म्हणजे बीट?

राधिका : नाही ना! ते एका रानपाल्याचं नाव. पूर्वी तो आंबवून त्याचं सार करायचे. मग पाल्याच्या जागी बीट आलं. पाला पातेल्यातून गेला, नाव तेवढं राहिलं.

हरिश्चंद्र : आणि तो पाला?

राधिका : कुणी खात नाही आता. सासूबाईंनीसुद्धा कधी चाखलेला नाही.

हरिश्चंद्र : (चमचा खाली ठेवून) ने हे.

राधिका : काय झालं?

मंदा : हे जागा द्यायला बिल्डरला हो म्हणून आले, तेव्हापासून यांचं असंच चाललंय. घास उतरत नाही.

राधिका : कुठली जागा?

मंदा : विहिरीमागची. राजेळीची.

राधिका : आई! आपली शेवटची केळी ती! मग सुकेळी कशाची करणार?

मंदा : कोण करतंय? सोला, वाळत घाला, रोज उलटा, संध्याकाळी पानात बांधून घरात घ्या. तू पिशवी भरून विमानात बसतेस, तुला काय!

हरिश्चंद्र : तिच्यावर कशाला चिडतेस? हो मी म्हटलं. इमारतीला ‘राजेळी हाइट्स’ नाव देतो म्हणाले, नि मी विरघळलो. वाटलं, नाव तरी राहील.

राधिका : बाबा, अजून नाही म्हणता येईल.

हरिश्चंद्र : तू येशील शिंपायला? तुझा भाऊ नीलेश येईल ठाण्याहून?

राधिका : ...नाही. खोटं कशाला बोलू?

हरिश्चंद्र : मग झालं तर. रडू नकोस, बाय. आण ते सार इकडे.

मंदा : थांबा, गरम करते.

हरिश्चंद्र : राहू दे. मंदा, मशीन यायच्या आत दोन घड उतरवतो. पिकले की एकदा सुकेळी घालू. उलटायला मी बसेन.

राधिका : मीही बसते. तोवर आहेच मी.

मंदा : घालाल हो. पण समोरची इमारत झाल्यापासून अंगणात ऊन कुठे येतं?