पायाखालचा ब्रेक

दातांच्या दवाखान्यात मासिकात डोकं खुपसून बसलेल्या मुलीने आवाज ओळखला. तिचे ड्रायव्हिंगचे सर पुढच्या बाकावर आपल्या ताईशी बोलत होते.

"स्वप्न आहे हे मला स्वप्नातच कळतं गं, ताई. म्हणून तर आठ दिवस गाडी उडवायला धडपडतोय."

"मग उडव की! स्वप्न तुझं, गाडी तुझी, कुणाच्या बापाची भीती?"

"मी शिकवणाऱ्याच्या जागेवर बसलेला असतो. पायाखाली नुसता ब्रेक."

"आणि स्टिअरिंग?"

"ते तीनदा नापास झालेल्या त्या चष्मेवालीकडे."

मासिकाचं पान उलटायचं थांबलं.

"काल मात्र तिने उडवली. थेट ढगात!"

"जिंकलास की रे!"

"कसला! मीच ब्रेक दाबला."

"मेल्या, का?"

"इंडिकेटर न देता वळली."

"दिला होता, सर," मागून मुलगी म्हणाली.