डोळ्यात गेलेलं अंजन

माझ्या जिभेची शपथ, यातलं अक्षर अन् अक्षर खरं आहे! जळगावच्या डोळ्यांच्या दवाखान्यात रावेरकडचा खेमा सुतार आणि त्याची बायको चमेलीबाई माझ्या पुढच्याच बाकावर बसले होते.

"आज तरी डॉक्टरले नीट सांगा."

"मागच्या महिन्यात नीटच सांगितलं ना! म्हटलं, डोळ्यात अंजन गेलं."

"अन् तो माझ्यावरच खेकसला. म्हणे, बाई, ते काजळ-अंजन घालणं आधी बंद करा."

"तू मान कशाले हलवली मग?"

"तुम्ही तरी काय केलं? थेंबांची बाटली घेतली अन् निघाले."

"मले काय मालूम, त्याले अंजनाचं झाडच माहीत नाही! पाण्यात टाकलं तर बुडतं, करवतीचे दात बोथट करतं. चाळीस वर्षं मुसळं घडवली त्याची."

"त्याचीच ढलपी महिनाभर डोळ्यात राहिली."

"ते लाकूड सडत नाही, चमेली."

"डोळा सडला ना पण!"

"दुसरा आहे."

"त्यातही धुकं दिसतं म्हणता."

"धुक्यातही तुझं तोंड दिसतं. तेवढं पुरे."

बरं, एवढं शेवटचं वाक्य माझ्या पदरचं. खेमा तर चमेलीबाई कुठे बसलीय, ते हातानं चाचपत होता.