मधला रोल

(नेब्रास्कातलं विलो बेंड. मतदानाच्या दुसऱ्या दिवशीची दुपार, गावच्या शाळेचं जेवणघर. आर्डिथ मोठाले ट्रे घासते आहे, तिची सून कॉरिन ते पुसते आहे.)

आर्डिथ: मला एवढंच सांग, ट्रे रिकामे झालेत की नाही?

कॉरिन: झालेत, आई. चाटूनपुसून.

आर्डिथ: मग? ज्याला ही शाळा बंद करून पोरं ग्रँटनला धाडायचीत, तो इथे बसून माझे दालचिनीचे रोल खाईल का? काल दिवसभर मी त्या दारात उभी होते. पलीकडे खेळाच्या हॉलमध्ये मत द्यायचं, इकडे यायचं, चिलीचा, म्हणजे राजमा-खिम्याच्या रश्श्याचा वाडगा घ्यायचा, वर रोल. 'आर्डिथ, हात अजून तोच आहे तुझा.' जो येईल तो हेच म्हणतोय. मी म्हटलं, वाचली शाळा. आपल्या वेडला फोन करून सांगूनसुद्धा टाकलं.

कॉरिन: मतमोजणी व्हायच्या आधीच?

आर्डिथ: मोजायचं काय त्यात? म्हटलं, ये आणि ट्रे बघ. तुझा नवरा हसला मला. आणि रात्री निकाल काय, तर 'विलीन करा'. म्हणजे माझ्या तोंडावर गोड बोलून गेले सगळे.

मर्ल: (दारातून आत येत) चर्चमधून आणलेली टेबलं परत नेऊ ना गं, आर्डिथ? की तुला त्यांच्यावरही संशय आहे?

आर्डिथ: ये, तुझीच वाट बघत होते. शाळेची बस चालवतोस, घराघरातलं तुला ठाऊक. कोणी घात केला, सांग.

मर्ल: घात कसला? मतं दिली लोकांनी.

आर्डिथ: तू किती रोल खाल्लेस काल?

मर्ल: तीन. तिसरा गाडीत बसून.

आर्डिथ: बघ, कॉरिन. याला म्हणतात माणूस.

मर्ल: आणि मत 'हो'ला दिलं.

आर्डिथ: कशाला 'हो'?

मर्ल: विलीन करायला. कागदावर दुसरं काही विचारलं नव्हतं.

आर्डिथ: माझा रोल तोंडात असताना?

मर्ल: रोल नंतर. आधी मत, मग जेवण. बाप होता तेव्हापासून आमच्या घरात हीच रीत आहे.

आर्डिथ: थट्टा करू नकोस, मर्ल.

मर्ल: नाही करत. रोज सकाळी ती लांबलचक बस मी काढतो. आरशात बघतो, तर मागे सगळ्या रिकाम्या बाकांवर ऊन पडलेलं. आपल्या वेळी फुटबॉलला अकरा जणांचा संघ होता. मग आठांचा झाला. मग सहांचा. यंदा सहासुद्धा जमले नाहीत, एका पोराला तर चष्मा काढून उभा केला आणि त्याला चेंडूच दिसेना. पुढच्या वर्षी बालवर्गात कोण? हिची टिल्डा आणि ते ओल्सनांचे जुळे, जे एकमेकांशिवाय कोणाकडे बघत नाहीत.

आर्डिथ: मग खाल्लेस कशाला तीन तीन?

मर्ल: पुन्हा इथे बसून मिळायचे नाहीत म्हणून. तूच आठव, एरवी मतदानाला कधी इतके संपले होते? शेवटचा ट्रे तू दरवर्षी घरी नेतेस. ... बरं, टेबलं नेतो मी. पोरी, ते दार धर जरा.

कॉरिन: धरलंय, मर्लकाका. पायरी सांभाळा.

आर्डिथ: गेला?

कॉरिन: गेले.

आर्डिथ: गाढव आहे. पण खोटं बोलत नाही. पहिलीत माझ्या शेजारी बसायचा. ... तो ट्रे दे इकडे, कोपरा राहिलाय.

कॉरिन: मी घासते. तुम्ही बसा थोडं.

आर्डिथ: बसले तर उठणार नाही. तुला सांगते, मी इथे स्वयंपाकाला होते तेव्हा रोल भट्टीतून निघाले की वास थेट वरच्या वर्गापर्यंत जायचा. गणिताच्या बाई खाली येऊन म्हणायच्या, 'आर्डिथ, झाकून ठेव गं, आता कोणाचं लक्ष नाही.' आणि त्या वर्षी बर्फाचं वादळ आलं तेव्हा? बस निघालीच नाही. सगळी पोरं खेळाच्या हॉलमध्ये झोपली, पडदे पांघरून. वेड तेव्हा दुसरीत. पहाटे उठून एकेक डोकं स्वयंपाकघरात डोकावायला लागलं. पीठ होतं, दालचिनी होती, दुसरं काही नव्हतं. तेच केलं. अजून ती मोठी झालेली पोरं भेटली की त्या सकाळचंच बोलतात.

कॉरिन: वेडनं मला लग्नाआधी सांगितलं होतं. म्हणाला, मला नेहमी मधला रोल मिळायचा.

आर्डिथ: मिळायचा म्हणजे काय, मागायचा तो! कडेचे कडक होतात. मधला चहूबाजूंनी मऊ. रांगेत उभा राहून सगळ्यांदेखत म्हणायचा, 'आई, मधला.' लाज नाही काही.

कॉरिन: हो.

आर्डिथ: काल तू रोल घेतला नाहीस.

कॉरिन: टिल्डा कुरकुरत होती, म्हणून—

आर्डिथ: टिल्डा माझ्या कडेवर होती.

कॉरिन: हा ट्रे कुठे ठेवू?

आर्डिथ: मत देऊन आलीस. चिलीकडे बघितलं नाहीस, रोलकडे बघितलं नाहीस. तिला घेतलंस आणि गाडीत जाऊन बसलीस. मला वाटलं, डोकं दुखत असेल.

कॉरिन: घशाखाली उतरला नसता, आई.

आर्डिथ: म्हणजे माझा हिशेब एका माणसापुरता तरी बरोबर निघाला.

कॉरिन: मी सांगणार होते.

आर्डिथ: वेडला ठाऊक आहे?

कॉरिन: नाही. त्यानं शाळेच्या बाजूनं दिलं. रात्री निकाल ऐकून तो अंगणात जाऊन उभा राहिला, आणि मी आत भांडी लावत राहिले.

आर्डिथ: आणि आज माझ्याबरोबर ट्रे पुसायला आलीस.

कॉरिन: घरी बसवेना. ... आई, टिल्डा घराबाहेर बोलत नाही. तुम्ही म्हणता लाजाळू आहे, वेड म्हणतो होईल नीट. पण मी बघते ना. चर्चमध्ये, दुकानात, ओठ असे मिटून घेते. बोलायला शिकवणाऱ्या बाई इथे एक गुरुवार सोडून येतात, त्याही रस्ता बरा असला तर. ग्रँटनला त्या रोज असतात.

आर्डिथ: आणि ती बस? खडीचा रस्ता, तो अरुंद पूल. तूच तर माझं डोकं खात होतीस त्या पुलावरून.

कॉरिन: अजून भीती वाटते. डोळे मिटले की पूलच दिसतो. पण ती अशीच गप्प गप्प मोठी झाली तर, याची भीती त्याहून जास्त वाटली.

आर्डिथ: माझ्याशी बोलते की ती.

कॉरिन: तुमच्याशी बोलते. तुमच्या ओट्याशी उभी राहून बोलते. बाकीच्या जगात तुमचा ओटा नाही ना, आई.

आर्डिथ: सरक, नळ बंद करू दे.

कॉरिन: रागावलात?

आर्डिथ: रागावलेय. ते फडकं पिळ, पाणी गळतंय. ... काल माझ्या कडेवर असताना काय म्हणाली, सांगू? ट्रेकडे बोट केलं आणि माझ्या कानात म्हणाली, 'मधला.' कोणी शिकवलं तिला?

कॉरिन: कोणीच नाही.

आर्डिथ: बापावर गेलीय. फक्त तो ओरडायचा, ही कानात सांगते. ... ग्रँटनच्या शाळेत स्वयंपाकाला कोण असतं?

कॉरिन: लोइस म्हणून कोणी बाई आहेत.

आर्डिथ: लोइस होय. तिचे रोल कडेला करपतात असं ऐकून आहे. पहिल्या दिवशी मी येईन तुमच्याबरोबर.

कॉरिन: तुम्ही? ग्रँटनला?

आर्डिथ: सांगायला नको कोणी? ही तर तोंड उघडणार नाही. लोइसला बजावून ठेवते, हिला मधला वाढायचा म्हणून.

कॉरिन: नका सांगू, आई. मागू दे तिला.

आर्डिथ: आणि नाही मागितला तर?

कॉरिन: तर दुसऱ्या दिवशी.

आर्डिथ: ... बरं. मग लोइसला एवढंच सांगते, मधला शेवटपर्यंत राखून ठेव.