नागोजीरावांचं विमान

...आता तुम्हीच सांगा, ज्या माणसाच्या हाताला घास तोंडापर्यंत नेता येत नाही, त्याच्या हातात कुणी विमान देतं का? आमच्या वठारात दिलं. बंगळूरच्या मल्लेश्वरमातलं वठार, म्हणजे एका अंगणाभोवती दाटीनं बसलेली घरं, एका घरात शिंक आली की शेजारच्या घरात ‘सत्य’ म्हणतात, तेव्हा नागोजीरावांचं लपणार काय?

नागोजीराव म्हणजे येलहंक्याला वायुदलाच्या भांडारात जन्मभर नटबोल्ट सांभाळलेला माणूस. विमानं सगळी डोक्यावरून गेली, आत बसायचा योग आला नाही. निवृत्त झाले आणि गणपती झाल्यावर एका सकाळी दाढी करता करता वस्तरा गळून पडला, तोंड वाकडं, उजवा हात लाकडासारखा. पक्षाघात. पुढं तोंड सुधारलं, पाय ओढत का होईना चालायला लागला, हात तेवढा तसाच. डॉक्टर म्हणाले, यायचं ते पहिल्या काही महिन्यांतच येतं, मग कठीण. झालं, तेव्हापासून अंबुअक्काचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, काळीज कॅलेंडरच्या खिळ्याला टांगलेलं. दसरा गेला, हात नाही. दिवाळी गेली, हात नाही.

आणि माणूस कसला मानी! डावा हात ताटाला लावणार नाहीत, बायको भरवते ते कुणी बघायचं नाही. स्वयंपाकघराचं दार लावून जेवण, आणि कुणाचं पाऊल वाजलं की घास गालात धरून गप्प. मुलीच्या, अनुषाच्या, सासरची माणसं पानावर बसली तर म्हणाले, आज माझी एकादशी. विहीणबाईंनी आदल्याच दिवशी केलेली!

व्यायाम शिकवायला कल्पना नावाची मुलगी जयनगरहून यायची. टेबलावर टॉवेल सरकवा, चेंडू दाबा, पेला धरा... नागोजीराव जरा वेळानं डोळेच मिटून घ्यायचे. शेवटी तिनं सुचवलं, टीव्हीला जोडायचा खेळ मिळतो, दांडा धरून विमान चालवायचं, स्वल्प, म्हणजे जरासं, बघूया. अनुषानं मॅजेस्टिकच्या बाजारातून आणला. अंबुअक्काचा जीव अर्धा झाला. तिला वाटलं, या पोरीनं आशा सोडली, आता म्हाताऱ्याला खेळणं देऊन रमवतेय.

तुम्हाला सांगतो, सुरुवातीला विमान रोज डोंगरावर. बोटं दांड्याला पट्टीनं बांधायची, खांदा ओढून हात हलवायचा. आणि मग अचानक राव तरबेज! विमान सुसाट! अक्का आनंदानं कॉफी घेऊन गेली, बघते तर काय, डाव्या हातानं खेळतायत. कल्पनानं सांगितलं, तो चांगला हात खुर्चीला बांधा. बांधला हो बिचारीनं, जुन्या लुगड्याच्या काठानं. मनात नवऱ्याची माफी मागत होती, गाठ मात्र घट्ट मारली.

पण हळूहळू खांदा सुटला, कोपर वळायला लागलं, बोटांची पट्टी निघाली, अंगठा बटण दाबायला लागला. शत्रूची विमानं पटापट पडायला लागली. मग अक्का ताट आणायची आणि बघत बसायची, तर हात मांडीवर मेल्यासारखा. गोळ्या झाडायला उठतो तो हात घासाला का उठत नाही? तिनं कल्पनाला विचारलं. ती म्हणाली, दांडा टेबलावर असतो अक्का, वर उचलणं अवघड, येईल. देवळात जाऊन मल्लेश्वराला विचारलं. मलासुद्धा विचारलं. संक्रांत तोंडावर आली, डॉक्टरांची मुदत सरत आली, आणि ही बाई पोळी लाटता लाटता थांबायची... गोळ्या झाडायला उठतो तो हात घासाला का उठत नाही?

आणि एके दुपारी, राव खेळातल्या अगदी शेवटच्या पुलावर पोचलेले, आणि त्या जुन्या खोक्याच्या टीव्हीतलं चित्र लागलं घरंगळायला. वरून खाली, वरून खाली. डावा हात खुर्चीला बांधलेला. अक्का आवाज ऐकून धावत आली, तिला वाटलं दुसरा झटका आला. बघते तर राव उभे, मागं खुर्ची फरफटतेय, आणि उजवा हात खांद्याच्या वर जाऊन टीव्हीच्या डोक्यावर थाडकन् बसला!

चित्र सरळ झालं. राव चित्राकडं बघतायत. अक्का हाताकडं.

“अहो,” ती म्हणाली, “परत मारा.”

“चित्र आलंय की.”

“येऊ दे. परत मारा बघू.”

तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा तो हात त्यांनी निरखला, सावकाश उचलला आणि मारला. टीव्हीतून ठिणगी उडाली, धूर निघाला, विमान, पूल, शत्रू, सगळं काळं. वठार गोळा झालं. शेजारचे गुरुराज अण्णा हळहळत म्हणाले, काय झालं हो हे? अक्का पदरानं डोळे पुसत, पोराचा पहिला नंबर सांगावा तशी म्हणाली, “यांनी फोडला. उजव्या हातानं.”

संध्याकाळी स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. राव सारभात आपल्या हातानं जेवले. जेवले म्हणजे, निम्मा मांडीवर, थोडा बाहीत. अक्का समोर दोन्ही हात पदरात घट्ट गुंडाळून बसली, चुकून मदत होईल म्हणून.

आता कल्पना म्हणते, बोटांची बारीक हालचाल राहिलीय, खेळ चालू ठेवा. कशावर ठेवणार? अवऱ्याचे, म्हणजे पावट्यासारख्या शेंगांचे, दिवस होते, अक्कानं भिजवलेल्या दाण्यांचं पातेलं पुढ्यात ठेवलं. चिमटीत धरायचा, दाबायचा, सालातून दाणा सुळकन् बाहेर. पहिले छपराला लागले, मग जमायला लागलं, आणि जमल्याचं वठारभर झालं. आता रोज सकाळी रावांच्या पायरीवर घरोघरची पातेली येतात, गुरुराज अण्णांचं तर भलं मोठं, आणि राव मान खाली घालून सोलत बसतात.

परवा मी विचारलं, कसा आहे हात? म्हणाले, “मेला होता तोवर माझा तरी होता. आता वठाराचा झालाय.”