खुंटीवरची रोटी

या, जवळ सरका. ऐकून जीव निवेल अशी गोष्ट आहे. बुखाऱ्यात तंदूरसमोर रोटीच्या रांगेत उभ्या मुकर्रमला पुढच्या दोघी जावांचं बोलणं ऐकू आलं.

"स्वतः विकलेल्या घरात पाहुणी म्हणून राहिलीस, सबोहत? कमाल आहे बाई!"

"आता हॉटेल आहे ते, जाऊबाई. पण पलंग, चहाचा समोवार, सगळं जुन्याच थाटात!"

"आणि ओयबेकची रोटी?"

"तीच बघायला गेले. लेक परदेशी निघताना तिचा एक घास चावून गेला, उरलेली रिवाजाप्रमाणे खुंटीला टांगली. तो परतेपर्यंत काढायची नसते ना! घर विकतानाही नाही काढली."

"फेकली असेल मेल्यांनी!"

"छे! नवा गिलावा केला, पण त्या खुंटीला हात नाही लावला. मालक म्हणाला, 'उरलेली तुमच्या लेकानंच येऊन संपवायची.'"

"अल्ला त्याचं भलं करो!"

मुकर्रमची पाळी आली, तरी ती रोटी घ्यायची सोडून त्या जावांकडेच बघत उभी.

मंडळी, दुआ मागाल तेव्हा ओयबेकची आठवण ठेवा.