चिमणबागेतले शून्य स्वार

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. ज्याची नोंद कुठेच नाही, तो माणूस आला असं धरायचं की नाही? बोला ना! पुढचे काका मान हलवतायत. हो म्हणून की नाही म्हणून, ते मात्र कळत नाही!

तर आख्यान. राजा नाही, राक्षस नाही. एक करमणूक बाग! नाव मौजनगर. पोटात गोळा आणणारे उंच उंच पाळणे, आणि पार कोपऱ्यात लहानग्यांची चिमणबाग. तिथे एक गोल चक्र. आठ लाकडी घोडे, एक हत्ती. चालवणारी भागूमावशी कसबे. बावीस वर्षं! पोराला काखेत धरून उचलायचं, घोड्यावर बसवायचं, "घट्ट धर रे सोन्या" म्हणायचं आणि कळ दाबायची.

चक्राची दशा? रंग उडालेला. हत्तीची सोंड तारेने बांधलेली! मावशीने सहा अर्ज दिले. उत्तर आलं —

नाही आलं. हेच उत्तर!

मग एक दिवस मॅनेजर रणपिसे आले. हातात आकडे दाखवणारं यंत्र.

"मावशी, दसरा झाला की हे चक्र काढणार. इथे मनोरा येतोय, वरून धाडकन खाली सोडणारा. तुम्ही झाडलोटीला या."

"का हो साहेब?"

"वर्षभरात इथे एकही माणूस फिरकला नाही. हे बघा, शून्य!"

"अहो, मग माझी कंबर काय वाऱ्याने मोडली?"

हसू नका! रडायची जागा आहे. बरं, हसा.

शून्य कसं? थांबा, ते सांगायचंच राहिलं. तिकीट काढलं की मनगटाला कागदी पट्टी. प्रत्येक पाळण्याच्या दारातलं यंत्र त्या पट्ट्या मोजतं. आणि साडेतीन फुटांच्या आतल्या पोरांना प्रवेश फुकट! म्हणजे तिकीट नाही. म्हणून पट्टी नाही. म्हणून — पोरगंच नाही! ऑफिसपासून चिमणबाग दोनशे पावलं. साहेबांनी ती त्या दिवसाआधी कधी टाकलीच नव्हती!

उजाडली खंडेनवमी. यंत्रांना झेंडूच्या माळा! मौजनगरची एक रीत होती, मालकांच्या वडिलांनी घालून दिलेली. पूजेनंतर पाळण्यात जो बसेल, त्याला टिळा मालकाने स्वतः लावायचा. मालक घोरतळे टिळे लावत लावत कोपऱ्यापर्यंत आले. रणपिसे म्हणाले, "हे राहू द्या. हे जायचंच आहे."

मावशी आडवी! हातात कुंकवाची वाटी.

"मालक, मोडायचं तेव्हा मोडा. आज याची खंडेनवमी आहे."

फेरी पहिली. नऊ पोरं, नऊ टिळे. मालक निघाले —

फेरी दुसरी. "आणि आम्हाला?"

फेरी तिसरी. "मला हत्ती! मला हत्ती!" "ए, तू मघाशी बसलायस!"

"मालक, रांग दारापर्यंत गेलीय. यांना काय सांगू? कुंकू संपलं म्हणू?"

"खबरदार! आणा अजून!"

फेरी सातवी. मालक गुडघ्यांवर! अहो, कपाळंच तेवढ्या उंचीवर होती!

फेरी अकरावी. एका चिमुरडीने मालकांच्याच नाकाला टिळा लावला!

मालक उठले. "रणपिसे, तुमचं यंत्र काय म्हणतंय?"

"शून्य, मालक."

घोरतळ्यांनी हात वर केला. अंगठा लाल! तळवा लाल! मनगटापर्यंत लाल!

"मग हे कोण?"

सांगा मंडळी, कोण?

वाजवा टाळ! चक्र वाचलं! मनोरा गेला कुंपणापलीकडच्या माळावर. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रंगारी आले, हत्तीला नवी सोंड बसली. आणि रणपिसे? रोज सकाळी चालत येतात, पोरं मोजायला. मावशी ओरडते, "साहेब, मध्ये घुसू नका, रांगेत या!"

आता वळतो तुमच्याकडे. पळू नका! मघाशी तुमचे कार्यवाह मला म्हणाले, "महाराज, आज तीनशे श्रोते." मोजले कसे? खुर्च्या मोजल्या! मग ती मांडीवर बसलेली पोरं? ती खांबाला लोंबकळणारी? लग्नाला किती पानं, विचारलं की म्हणता, "पोरं काय, बसतील कुठेही." घराचा नकाशा काढता, गाडीची जागा आखता, पोराची कुठली? रोज दहा वेळा म्हणता ना, "ए, बाजूला हो"?

आज तुम्ही व्हा बाजूला! उठा, वाट द्या. ये बाळ, तूही ये. घे टाळ. उलटा धरलास? चालेल! आजचा गजर ही पोरं करतील. मोठ्यांनी हात जोडून ऐकायचं. हं, बोला रे... छे, मंडप हलला नाही अजून. पुन्हा!