शाऊट म्हणजे ओरडणं न्हाई

"हॅलो?… कोण, रुद्राणी?… अगं, हळू बोल. काहीच कळंना."

कंधारच्या शाळेत दीपमाला मॅडम चाचणीचे इंग्रजीचे पेपर तपासत बसल्या होत्या. फोन लातूरहून होता. आठ वर्षांपूर्वी त्यांच्या हाताखाली दहावी झालेली रुद्राणी आता तिथं एका दवाखान्यात नर्स होती. आयर्लंडमधल्या एका हॉस्पिटलसाठी तिनं सोमवारी ऑनलाइन मुलाखत दिली होती. त्या मुलाखतीची तयारी मॅडमनीच महिनाभर, रोज तासभर फोनवर करून घेतली होती.

"मेल आली? मग चांगलंच की. रडून काय राहिलीस?… ओरडले? कोण ओरडलं?… तुझं राहू दे. त्यात लिहिलंय काय, तेवढं वाच… हाव… 'यू आर इन विथ अ शाऊट'… पुढं?… 'बट इट इज नॉट इन द बॅग येट'… आणि आज साडेपाचला दुसरी फेरी. बरं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मुलाखतीत सारखी रेंज जात होती म्हणून रुद्राणी मोठ्यानं बोलली होती. तेच साहेबलोकांना लागलं, आणि वर 'बॅग भरू नकोस' असंही सुनावलं, असा तिनं अर्थ लावला होता.

"न्हाई गं. बॅगेचं मला ठाऊक हाय. इन द बॅग म्हणजे काम झाल्यात जमा. नॉट येट म्हणजे अजून पक्कं न्हाई, एवढंच… हो, हो… अगं ऐक ना. शाऊटचं… थांब जरा. फोन ठेवू नको."

खरं तर शाऊटचं त्यांनाही माहीत नव्हतं. बावीस वर्षं त्या वाक्प्रचार शिकवत आल्या होत्या. गाइडमधले चाळीस, दरवर्षी तेच. त्यांत हे नव्हतं. फोन मानेत धरून त्या उठल्या आणि कपाटावरची जाडजूड डिक्शनरी ओढली.

"आहेस ना?… शोधून राहिले… मला न्हाई येत, म्हणूनच शोधून राहिले… लाँग शॉट हाय इथं. तसं म्हणाले असते तर काळजी होती. लांबचा नेम, लागला तर लागला… शाऊट. हे बघ, सापडलं… अगं, तुला चांगला चान्स हाय म्हणून लिहिलंय त्यांनी. ओरडणं न्हाई ते, कौतुक हाय… हॅलो?… गप का झालीस?"

पलीकडून उत्तर आलं तशा मॅडम परत खुर्चीत बसल्या.

"काय पाठवलंस?… कधी?… वीस मिनिटं झाली. नेमकं काय लिहिलं?… 'सॉरी फॉर शाउटिंग. प्लीज गिव्ह द चान्स टू समवन एल्स.'… व्याकरणाची चूक न्हाई गं त्यात. दुसरीच हाय."

साडेचार वाजत आले होते. सातवीवर तास होता. शिपाई दारात येऊन उभा राहिला. मॅडमनी त्याला हातानंच थांब म्हटलं.

"एक विचारू? दवाखान्यात डॉक्टरांचं इंग्रजी कळलं न्हाई तर तू दोनदा विचारतीस. हे मात्र कुणालाच न विचारता नाव मागं घेतलंस… रागवून न्हाई राहिले… आईसाठी? एकट्या पडतील म्हणून?… मग त्या जाऊ नको म्हणाल्या का?… विचारलंच न्हाईस."

मॅडमचा आवाज आपोआप खाली आला.

"ऐक. नांदेडच्या कॉलेजातून मलाबी मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. घरी सांगितलं, बस हुकली. बस हुकली न्हाई गं. समोर उभी होती. मीच चढले न्हाई… न्हाई, कुणालाच न्हाई. तुलाच सांगून राहिले… तुला जायचं नसंल तर जाऊ नको, माझं काही म्हणणं न्हाई. पण नको म्हणायचं तर समजून म्हण… काय?… ऐकू येईना, मोठ्यानं बोल… जायचंय?… परत एकदा म्हण."

मॅडम उठून खिडकीशी गेल्या. आता त्यांनाच एका जागी बसवेना.

"मेलच्या खाली नंबर हाय ना? लाव त्यावर… 'आय मिसअंडरस्टूड युवर मेल. आय वॉन्ट टू अटेंड.' एवढंच बोल… हसले तर हसू दे… चान्स? खरं सांगू, आता थोडा कमी झाला असंल. पण हाय… आईकडं मी जाते. सांगायचं मात्र तूच, मी नुसती जवळ बसते… ठेव आता. ठेव म्हणते ना."

फोन कट झाला. सातवीच्या वर्गात मॅडमनी तोच धडा दोनदा वाचला आणि ते पोरांनी सांगितलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं.

सात वाजता त्या कंधारातच, रुद्राणीच्या घरी होत्या. तिच्या आईसमोर, सिंधुबाईंसमोर, चहाचा कप निवत होता. मॅडमचा फोन वाजला. नाव बघून त्यांनी तो न उचलता सिंधुबाईंच्या हातात दिला.

"हॅलो?… हाव, मीच… मॅडम हायत की इथंच… नोकरीवर घेतलं तुला?… कुठं म्हणालीस?… लई लांब हाय का गं ते?… मग रडतीस कशाला?… मी कवा अडवलं तुला?… हाव. जा."